पाच किलोची तूरडाळ आणि आलेखावरचा तो ठिपका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

भांडुपच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४१, घरात पाच माणसं, महिन्याचं सामान गेली १६ वर्षं त्याच भरतात. मोठा पॅक स्वस्त पडतो म्हणून त्यांनी सुपरमार्केटमधून तूरडाळीचा ५ किलोचा पॅक आणला, ८२५ रुपयांना. सातवीतल्या मुलीचं तेव्हा शाळेत समप्रमाण चालू होतं. तिने तिथल्याच अर्ध्या किलोचा भाव ८२ आणि एक किलोचा १६० लिहून टेबल केलं, आलेख काढला, आणि निघालं असं की मोठा पॅकच सगळ्यात महाग. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, मी सांगत होते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जा. मिस्टर आधी हसले, मग आलेख बघून म्हणाले रेष तर सरळच आहे, म्हणजे सगळे भाव सारखेच, फरक कुठाय? तेव्हापासून ताईंना रॅकसमोर उभं राहिलं की धडधडतं, या महिन्याची यादी त्यांनी मिस्टरांच्या हातात दिली. विचारतात: दहावीला गणितात ३८ मार्क होते, मी पहिल्यापासून कच्ची, आता या वयात क्लास लावू की सामान भरणंच सोडून देऊ? आणि खरं स्वस्त कुठे, वाणी, सुपरमार्केट की ॲप?

उत्तर:

ताई, आधी नुकसान किती झालं ते मोजू, कारण पत्रात तुम्ही मार्क लिहिलेत, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द लिहिलंय, पण तो एक आकडा कुठेच नाहीये. एक किलोचे पाच पॅक घेतले असते तर ८०० झाले असते, तुम्ही दिले ८२५. पंचवीस रुपये. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ आहे, त्याच्यापेक्षाही हे रुपयाने कमी. एवढ्यासाठी तुम्ही सोळा वर्षं सांभाळलेलं काम हातातून सोडताय, हे मला पटत नाहीये, आणि ते का पटत नाही तेच सविस्तर लिहिते.

तुमचं गणित चुकलेलंच नाही. तुम्ही गणित केलंच नव्हतं. तुम्ही एका समजुतीवर विसंबलात की मोठा पॅक म्हणजे स्वस्त, आणि ती काही वेडगळ समजूत नाही, बहुतेक वेळा खरीच असते कारण पिशवी, छपाई, भरणावळ हे सगळं मोठ्या पॅकमध्ये किलोमागे कमी पडतं. पण एक किलोचा भाव सगळ्यांच्या तोंडात असतो, शेजारणी एकमेकींना सांगतात तो किलोचाच, म्हणून दुकानंही बरेचदा तिथेच भाव खेचून ठेवतात आणि अर्धा किंवा पाच किलोवर ते सैल सोडतात. तुमच्या मुलीच्या टेबलात मी फक्त एक रकाना वाढवते:

अर्धा किलो, ८२ रुपये, म्हणजे किलोला १६४
एक किलो, १६० रुपये, किलोला १६०
पाच किलो, ८२५ रुपये, किलोला १६५

हा तिसरा रकाना म्हणजेच सगळं. शाळेत याला एकमान पद्धत म्हणायचे, एका वस्तूची किंमत काढा मग पुढचं बोला. तिसऱ्या रकान्यात तोच आकडा खालपर्यंत आला असता तर वजन आणि किंमत समप्रमाणात आहेत असं म्हटलं असतं. इथे तीन वेगळे आकडे आलेत, म्हणजे नाहीयेत, आणि मधला सगळ्यात कमी आहे.

आता तुमच्या मिस्टरांचं ते "रेष सरळच आहे". यावर मी जरा थांबणार आहे कारण ही चूक त्यांच्या एकट्याची नाही, आलेख बघणाऱ्या कितीतरी जणांची होते. समजा मुलीने उभ्या अक्षावर एक सेंटीमीटरला १०० रुपये धरले. मग अर्ध्या किलोवर ८० आणि ८२ मधला फरक कागदावर येतो ०.२ मिलिमीटर, पेन्सिलीचं टोकच त्याच्यापेक्षा जाड असतं. पाच किलोवर ८०० आणि ८२५ मधला फरक येतो अडीच मिलिमीटर, तो दिसतो, पण दिसतो तेव्हाच जेव्हा तुलनेला दुसरी रेष असते. नुसते तीन ठिपके एकमेकांना जोडले की डोळ्याला ते सरळच वाटणार. म्हणून भावाच्या आलेखात ठिपके जोडायचे नाहीत. एकच ठिपका घ्यायचा, ज्याचा भाव पाठ आहे तो, इथे किलोचा १६० वाला, आणि शून्य आणि तो ठिपका यांना पट्टी लावून रेष कागदाच्या टोकापर्यंत न्यायची. ही रेष म्हणजे "किलोला १६०". पाच किलोवर ती ८०० ला पोचते आणि तुमच्या पॅकचा ठिपका तिच्या वर, ८२५ ला बसलेला असतो. रेषेच्या वर ठिपका म्हणजे महाग, खाली म्हणजे स्वस्त, रेषेवर म्हणजे तोच भाव. दोन दुकानांच्या दोन रेषा काढल्या तर जी जास्त उभी चढते ते दुकान महाग. आणि हेही लक्षात ठेवा की शून्याजवळ सगळ्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे छोट्या पॅकांसाठी आलेखापेक्षा टेबल बरं.

पण "सरळ रेष म्हणजे भाव सारखा" हे मुळातच अर्धवट आहे, आणि ते मिस्टरांना समजावायला आलेख कागदसुद्धा लागत नाही, स्टेशनबाहेरची भाजीवाली पुरे. ती काय ओरडते? टोमॅटो वीसला पाव, तीसला अर्धा, पन्नासला किलो. हे तीन ठिपके कागदावर मांडा, पट्टी लावा, अगदी तंतोतंत सरळ रेष येते, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि किलोचा भाव? पाव घेतलात तर ८०, अर्धा घेतलात तर ६०, किलो घेतलात तर ५०. तिन्ही वेगळे! कारण ती रेष शून्यातून निघतच नाही, मागे ओढत नेली की उभ्या अक्षाला दहा रुपयांवर जाऊन लागते. म्हणजे जणू प्रत्येक गिऱ्हाइकामागे तिने दहा रुपये पिशवीचे आणि वेळेचे धरलेत आणि वर किलोला चाळीस लावलेत. समप्रमाण हवं असेल तर रेष सरळ पाहिजे आणि ती शून्यातून पण निघाली पाहिजे, दोन्ही. हे त्यांना दाखवा, टोमॅटो घेऊनच दाखवा.

ॲपचं उत्तर पण याच रेषेत आहे. समजा ॲपवर कांदा ३८ ला किलो आहे आणि खाली भाजीवाल्याकडे ४०. ॲप स्वस्त वाटतं. पण डिलिव्हरीचे २५ धरा. एक किलो मागवलात तर ६३ पडले, पाच किलो मागवलेत तर २१५, म्हणजे किलोला ४३, अजूनही महागच. दोन्ही रेषा काढल्या तर त्या भेटतात साडेबारा किलोवर, तिथे दोन्हीकडे ५०० होतात, त्याच्या पुढे ॲप स्वस्त. साडेबारा किलो कांदा पाच माणसांच्या घरात कोणी एका वेळी मागवत नाही. हां, एकाच ऑर्डरमध्ये दहा वस्तू असतील तर ते २५ रुपये दहा वस्तूंवर विभागले जातात आणि चित्र बदलतं. सुपरमार्केटला रिक्षाने गेलात तर जायचे २६ यायचे २६, निदान ५२, तोही हिशेबात धरायचा खर्च आहे, फक्त तूरडाळीसाठी गेलात तर वाण्यापेक्षा किलोला दहा रुपये स्वस्त मिळूनसुद्धा पाच किलोत तो खर्च निघत नाही, महिन्याची पूर्ण यादी घेऊन गेलात तर आरामात निघतो.

आणि वाणी? गंमत वाटेल पण तुमच्या घरच्या अख्ख्या भांडणात वाण्याचा भाव कोणी विचारलेलाच नाहीये, टेबलात त्याचं नावच नाही. सासूबाईंचा विश्वास आहे, असू दे, विश्वासाला किंमत असते, तो उधारी देतो, खराब डाळ परत घेतो. पण उद्या जाऊन विचारा की सुटी तूरडाळ किलोला काय आणि पाव किलो घेतली तर काय. पाव किलोचे चौपट केल्यावर किलोचाच भाव आला तर त्याचा भाव खरा समप्रमाणात आहे, लागेल तेवढी घ्या. नाही आला तर तोही भाजीवालीसारखाच.

आता रॅकसमोरची धडधड. तिथे उभं राहून भागाकार करायची गरज पुष्कळदा नसतेच, कारण पाकिटावर दर छापलेला असतो, तो आपण बघत नाही इतकंच. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यांच्यात २०२१ साली बदल झाला. आधी डाळ, चहा, बिस्किटं, तेल अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच विकायला लागायच्या, ते बंधन गेलं, म्हणून आता ८७० ग्रॅम, ४२५ ग्रॅम असली वजनं दिसतात, आणि त्याच्याच बदल्यात कंपनीला एककाचा दर छापणं आलं. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असतो. किलोपेक्षा कमी वजन असेल तर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो. लिटर-मिलीचं पण तसंच.

पण यात दोन ठिकाणी फसायला होतं. एक, हा दर एमआरपीवरचा असतो. दुकानाने एमआरपी खोडून कमी भाव लावला असेल तर छापलेला दर निरुपयोगी, स्वतः काढावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. ग्रॅमचा दर दोन दशांशांपर्यंतच छापतात. तुमचा अर्ध्या किलोचा पॅक घ्या, ८२ भागिले ५०० म्हणजे ग्रॅमला १६.४ पैसे, छापणार ०.१६. तो वाचून कोणालाही वाटेल की किलोला १६०, पण आहे १६४. ०.१६ च्या आत १५५ पासून १६५ पर्यंतचा कुठलाही भाव लपू शकतो. म्हणून डाळ, तांदूळ, पीठ असल्या गोष्टींना ग्रॅमच्या दरावर जाऊ नका, किलो करून बघा. अर्धा असेल तर दुप्पट, २०० ग्रॅम असेल तर पाचपट, ७५० असेल तर तीनने भागून चौपट. ८७० ग्रॅम असेल तर सरळ फोन काढा, त्यात लाज कसली, मागचा माणूस थांबेल दोन मिनिटं.

तेलाचं मात्र वेगळं सांगते कारण तिथे भागाकार बरोबर करूनसुद्धा माणूस फसतो. समजा एका पिशवीवर १ लिटर, १५० रुपये आणि शेजारच्या पिशवीवर १ किलो, १६० रुपये. कोणती स्वस्त? सगळे १५० वाली उचलतील. पण खाद्यतेलाचं एक लिटर वजनाला भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५० रुपयांत ९१० ग्रॅम, किलोला झाले जवळजवळ १६५. किलोची पिशवी स्वस्त आहे! एककं वेगळी असली की दोन दरांची तुलनाच होत नाही, आधी दोन्ही किलोत आणा किंवा दोन्ही लिटरमध्ये. १५ लिटरच्या आणि १५ किलोच्या डब्यात तर सव्वा किलोहून जास्त फरक पडतो, दिवाळीच्या फराळाला डबा घेताना आवर्जून बघा.

ऑफरच्या पाट्यांचं झटपट सांगते. "२० टक्के जादा" आणि "२० टक्के सूट" एकच नव्हे. १०० रुपयांचा ५०० ग्रॅमचा पुडा सूट मिळून ८० ला आला तर १०० ग्रॅमला १६ पडले, तोच १०० रुपयांतच ६०० ग्रॅम मिळाला तर १६ रुपये ६७ पैसे. सूट बरी. आणि शाम्पूची छोटी पुडी एकदा हातात घेऊन मिली वाचा, समजा २ रुपयांत ६ मिली असेल तर मिलीला ३३ पैसे झाले, बाटलीचा दर त्याच्याशी ताडून बघा, मोठं ते स्वस्त ही समजूत तिथे पार उलटी पडलेली मी पुष्कळदा बघितलीये.

आता मी स्वतःच्याच सांगण्याला एक मर्यादा घालते. दर कमी म्हणजे खर्च कमी, हेही गृहीत धरू नका. समजा पाच किलोचा पॅक १५५ च्या दराने मिळाला असता, ७७५ ला. जून-जुलैत आपल्याकडची दमट हवा, दोन खोल्यांचं घर, डबा नीट बंद झाला नाही आणि अर्धा किलो डाळीत किडे झाले, तर तुमच्या पोटात गेली साडेचार किलो, किलोला पडले १७२. एक किलोच्या पॅकपेक्षा महाग. शिवाय ७७५ रुपये एकदम गुंतले, महिनाअखेरीला ते हातात असलेले बरे असतात हे तुम्हाला मी काय सांगू. तर दर ही पहिली पायरी, त्याच्यानंतरचा प्रश्न आपलाच की हे संपेल कधी.

आणि हा नंतरचा प्रश्न कोण सोडवतं घरात? तुम्ही. कुठली डाळ किती दिवस पुरते, कोणाला काय चालत नाही, पाहुणे कधी येणार, गॅस कधी संपणार, हे सोळा वर्षं डोक्यात ठेवणारी बाई गणितात कच्ची कशी? तुम्ही ज्याला घाबरताय ते पेपरातलं गणित, घड्याळ लावून सोडवायचं. हे गणित मुळात बाजारातलंच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, त्रैराशिकाचं, म्हणजे तीन आकड्यांवरून चौथा काढायचं, उदाहरण केशराच्या भावाचं आहे, अडीच पल केशर तीन सप्तमांश निष्काला तर नऊ निष्काला किती (पल हे तेव्हाचं वजन, निष्क हे नाणं), उत्तर साडेबावन्न पल. आणि फार लांब कशाला, माझी आजी शाळेत चौथीपर्यंत गेली होती पण तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीनचे पाढे, सगळं तोंडपाठ, साडेतीन शेराचा हिशेब वाण्याच्या आधी तिचा व्हायचा. तिला कोणी हुशार म्हटलं नाही, तिनेही नाही. पावकी-निमकी आपल्या पिढीला शिकवलीच नाही, तो तुमचा दोष नाही.

क्लास नको. एक वही करा. दराची वही. पानावर फक्त दहा वस्तू, ज्यांच्यावर महिन्याचे जास्त पैसे जातात त्या, तांदूळ, गव्हाचं पीठ, तूरडाळ, तेल, साखर, चहा असं. प्रत्येकीसमोर तारीख, दुकान आणि किलोचा दर, बाकी काही नाही. तीन महिन्यांत तुम्हाला भाव पाठ होतील आणि रॅकसमोर आठवायला डोक्यात ती एक रेष तयार असेल, पाकीट वर की खाली एवढंच बघायचं. बाकीच्या पन्नास वस्तूंचा दर काढत बसू नका, जिऱ्याच्या पाकिटात वाचले दोन रुपये तर वाचले.

मुलीला घेऊन जा दुकानात. तिने वहीत, टेबलावर बसून, शांतपणे हिशेब केला आणि बरोबर केला, याचं कौतुक तिला तुमच्या तोंडून ऐकू दे, कारण आत्ता तिला बहुतेक वाटतंय की आपल्यामुळे आईचं तोंड पडलं. यादीतल्या पाच वस्तू तिच्याकडे द्या. भाजीवालीचे तीन ठिपके तिलाच काढू द्या, शून्यातून न जाणारी सरळ रेष कशी दिसते ते तिला आयुष्यभर लक्षात राहील.

मिस्टरांशी मात्र वेगळं बोला, मुलीसमोर नाही. डाळीबद्दल नको, हसण्याबद्दल. साधं सांगा, "तुम्ही हसलात तेव्हा मला लागलं, चुकलं तर सांगा पण हसू नका." आणि यादी परत मागून घ्या. त्यांना मदत करायचीच असेल तर तांदूळ आणि तेल उचलून आणू दे, वहीत दर लिहू दे.

राहिली ती पाच किलोची डाळ. फोडली नसेल तर शेजारीपाजारी नाहीतर बहिणीला विचारा, दोन किलो ३३० ला देऊन टाका, जसा दर पडला तसा. फोडली असेल तर दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, हाताला थोडं एरंडेल घेऊन चोळा आणि दोन कोरड्या डब्यांत भरा. एक डबा रोजच्या वापराचा ठेवा, दुसरा पहिला संपेपर्यंत उघडू नका.